ज्ञानोबांनी साबुदाणा खाल्ला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी एकादशीच्या पुरवणीत आपण साबुदाण्याच्या खिचडीची ओळख ‘शेकडो वर्षांच्या वारकरी परंपरेतला पदार्थ’ अशी करून दिली आहे. खिचडीवर माझं प्रेम आहे, वारीवरही आहे. पण या दोघींची सोयरीक एवढी जुनी नाही. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ मध्ये. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची आणि आजचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कॅसाव्हा, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांची गलबतं येऊ लागण्याआधी त्यांना इकडे यायला वाटच नव्हती. उरलं जिरं, मीठ आणि तूप. तेवढ्यात खिचडी होत नाही.

यातली साबुदाण्याची हकीकत सगळ्यांत अलीकडची. कॅसाव्हा पोर्तुगिजांनी केरळच्या किनाऱ्यावर आणला. पुढे १८८० च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी भाताला जोड म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. तरी बाजारात येणारा साबुदाणा मात्र मलायाकडचा असे. तिथल्या एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातला गर काढून तो करत. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला आणि ही आवक तुटली. तेव्हा, १९४३ च्या सुमारास, तमिळनाडूतल्या सेलमच्या व्यापाऱ्यांनी कॅसाव्हापासून तसेच दाणे करायला घेतले. कंद सोलून ठेचायचा, पाण्यात कालवून सत्त्व तळाशी बसू द्यायचं, ते ओलसर पीठ हलवून हलवून दाणे वळायचे, मग शेकून वाळवायचे. आज आपल्या घरी भिजत पडणारा साबुदाणा बहुतेक याच पट्ट्यातून येतो. (त्यात किडे तुडवतात, असा संदेश दर श्रावणात फोनवर फिरतो. तो पुढे पाठवणारी मंडळी संध्याकाळी वडे खाताना दिसतात.)

मग ही पाहुणे मंडळी थेट उपवासाच्या पानात शिरली कशी? याचं उत्तर मला एका जुन्या श्लोकात सापडतं. महाभारताच्या उद्योगपर्वातला, व्रतवैकल्यांच्या चर्चेत हमखास निघणारा हा श्लोक व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगतो. त्यांत पाणी, कंदमूळ, फळ आणि दूध ही नावं आहेत, औषधही आहे. बटाटा, रताळं, कॅसाव्हा जमिनीखालून निघतात, तेव्हा कंदमुळांच्या दारातून ते आत आले असावेत. मिरची झाडाला लागते, म्हणून ती फळ झाली असेल. शेंगदाण्याचं कोडं मात्र मला सुटलेलं नाही. तो सरळसरळ द्विदल, हरभऱ्या-मुगाचा भाऊबंद. तरी मूग उपवासाला चालत नाही आणि दाण्याची आमटी वाटीवाटीने चालते. जमिनीखालून उपटून काढतात एवढ्यावर त्याला सूट मिळाली की काय, कोण जाणे.

याहून गंमत अशी की दारात अडवले गेले ते घरचेच. हळद इथली, मोहरीही इथे हजारो वर्षांची. बहुतेक घरांत दोघींना उपवासाच्या फोडणीत मज्जाव आहे. हिरवी मिरची चालते, तिची सख्खी बहीण ढोबळी मिरची चालत नाही. कोथिंबिरीवरून तर एकाच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांत मतभेद असतात.

ऋषिपंचमीचंही तेच. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, ऋषींसारखं खायचं, असा दंडक. त्या भाजीत अळू, सुरण, पडवळ असतं ते ठीकच. पण मक्याचं कणीस आणि लाल भोपळाही असतोच, आणि ही दोन्ही अमेरिकेची पिकं. एरवी धान्य म्हणून उपवासाला वर्ज्य असलेला मका त्या दिवशी कणसाच्या रूपात ऋषींच्या पंगतीला बसतो.

राजगिऱ्याला मात्र मी या सगळ्यांत वरचा मान देईन. त्याच्या दाण्याच्या जाती अमेरिकेत माणसाळवल्या गेल्या. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठात मध किंवा घायपातीचा पाक घालून देवांच्या मूर्ती घडवत आणि पूजा झाल्यावर त्यांचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्याच पवित्र भाकरीची टवाळी दिसली आणि त्यांनी हे विधी मोडून काढले. त्या पिकालाही उतरती कळा लागली. एका देशात धर्माच्या नावाखाली हद्दपार झालेलं हे धान्य आपल्याकडे गुळाच्या पाकात लाडू होऊन देवापुढे आलं.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणत लोकांनी खुशाल खावं, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती जे नाही ते जुनेपण छापण्याला. त्याऐवजी पुढच्या पुरवणीत साबुदाण्याआधीच्या फराळावर काही द्यावं: वरीचे तांदूळ, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, सुरण, कोनफळ, कोकणातले उकडलेले करांदे. मराठवाड्यात नि विदर्भात आणखी काय काय होतं, ते तिकडच्या वयस्कर वाचकांकडून मागवावं. करांदे आमच्याकडच्या मंडईत आता क्वचितच दिसतात; ते कुठे मिळतात एवढं जरी कुणी कळवलं तरी उपकार होतील.

आपला,
एक जुना वाचक, सातारा