कठड्यावरचा डबा

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, आधी एक सांग. गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्याला काळ्या चिकटपट्टीनं बांधलेला पत्र्याचा डबा अजून जागेवर आहे ना? मार्चअखेर तुमच्याकडून निघताना मीच तो बांधला आणि सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, खरं तर टाळलं. 'हे काय आता नवीन?' याचं उत्तर देत बसले असते तर गाडी चुकली असती. तुझा झाडू तिथपर्यंत पोचतो हे मला ठाऊक आहे, आणि कशासाठी आहे ते न कळणारी वस्तू तुझ्या घरात फार दिवस टिकत नाही हेही. मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस. तो कॅमेरा आहे.

बाबा, हसू नका. रंगाचा रिकामा डबा, आतून काळा केलेला, एका अंगाला सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्याच्या समोर आतून वाकवून बसवलेला फोटोचा कागद. भिंग नाही, बटण नाही, बॅटरी नाही. ते भोक मार्चपासून उघडंच आहे. रोज मावळतीकडे उतरणारा सूर्य त्या कागदावर एक रेघ ओढतो, दुसऱ्या दिवशी किंचित सरकून दुसरी. मावळतीची जागा 21 जूनपर्यंत रोज थोडी थोडी उत्तरेला जाते, म्हणून रेघा एकीवर एक न पडता शेजारी शेजारी पडतात. ढग आला की तेवढ्यापुरती रेघ तुटते. हा कागद रसायनात धुवायचाही नाही, इतके दिवस ऊन खाऊन तो आपला आपणच काळवंडतो. सध्या तुमचा अख्खा उन्हाळा त्या डब्यात साठतो आहे, आणि तुम्हाला पत्ता नाही.

दर रविवारी तुम्ही फोनवर विचारायचात, 'काय केलंस आठवडाभर?' आणि मी म्हणायचे, 'विशेष काही नाही.' ते खरं नव्हतं. पण फोनवर सांगावं असं त्यात काही घडतही नव्हतं. म्हणून हे पत्र.

तुमच्याकडून परतल्यावर पंधरा दिवसांत जिन्यावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. आता पूर्ण बरा आहे, आई, पुढे वाच. डोंगरावर जायचा बेत होता तो मोडला, आठवडाभर मी सगळ्यांवर चिडून बसले. मग स्वतःलाच एक नियम घालून दिला: तासाभरात पायी जाऊन परत येता येईल तेवढंच फिरायचं. पहिले काही दिवस ती शिक्षाच वाटली. फोटो काढायला लांब जावं लागतं हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे.

माझ्या त्या तासाभरात एक तळं बसतं. इतकी वर्षं मी त्याच्या बाजूनं जात होते आणि त्यात बघण्यासारखं काही असेल असं कधी मनात आलं नव्हतं. पहाटे गेलं की चतुर, ते लांब शेपटीचे उडणारे कीटक, गवताच्या काड्यांवर गारठून बसलेले असतात. अंगात ऊब आल्याशिवाय त्यांना उडता येत नाही, तेव्हा कॅमेरा वीतभर अंतरावर नेला तरी हलत नाहीत. दुपारी गेलात तर हाताला लागायचे नाहीत. पण दुपारीच एक गंमत दिसते. ऊन फार चढलं की काही चतुर आपली शेपटी सरळ आभाळाकडे उभी करतात, शीर्षासन केल्यासारखी. मला आधी वाटलं, दुखापत झालीय. नंतर वाचलं की सूर्याकडे टोक केलं की अंगावर पडणारं ऊन कमी होतं, म्हणून ही कसरत. त्यांच्याच कुळातल्या टाचण्या बारीक अंगाच्या असतात आणि बहुतेक पंख मिटून बसतात. त्यांचे बावन्न फोटो काढले, चार बरे आले.

बाबा, तुमचा एक नियम मी याच तळ्यावर मोडला. 'सूर्य पाठीशी ठेव' असं तुम्ही मला शिकवलं होतंत. सूर्य पाठीशी असला की चतुराचा पंख म्हणजे नुसता चकचकीत तुकडा. सूर्य समोर घेतला की त्यातली शीर न् शीर उजळते. तुमचा नियम माणसांच्या चेहऱ्यांसाठी असावा. पंखांना तो लागू नाही.

मग डबे सुरू झाले, तुमच्या गच्चीवरच्यासारखेच, पण मिनिटांत फोटो काढणारे. आई, तुझ्या सुईदोऱ्याच्या पेटीतली सगळ्यात बारीक सुई हरवली होती ना, ती माझ्याकडे आहे. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तिचं नुसतं टोक लावायचं, मागची खरबड पॉलिशपेपरनं घासायची, पुन्हा टोक लावायचं. असं करत साधारण 0.4 मिलिमीटरचं भोक पाडलं. मला वाटायचं, भोक जितकं लहान तितकं चित्र रेखीव. बाबा, तुम्ही इथे मान हलवणार हे मला दिसतंय. एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. त्यापलीकडे प्रकाश कडांवर पसरतो, तुमचं ते विवर्तन, आणि चित्र पुन्हा धूसर होतं. डब्याची खोली 10 सेंटिमीटर असेल तर 0.4 च्या आसपासच थांबावं लागतं. पहिले सहा कागद ठार काळे आले. झाकणाच्या कडेनं उजेड झिरपत होता, आणि मी मात्र आठवडाभर रसायनांना दोष देत होते.

सातवा कागद घेऊन बसथांब्यासमोर गेले. भर उन्हात या कागदाला पाऊण ते एक मिनिट लागतं, पण तेव्हा ढगाळ होतं, म्हणून साडेचार मिनिटं भोक उघडं ठेवलं. तेवढ्या वेळात दोन बस येऊन गेल्या, निदान तीस माणसं चढली उतरली. घरी न्हाणीघरात लाल दिव्याखाली कागद धुतला तर थांबा रिकामा! माणूस नाही, बस नाही. फक्त बाकाच्या टोकाला एक आजोबा, काठीवर हनुवटी टेकून डुलकी घेणारे, अगदी स्पष्ट. जे हलले ते सगळे पुसले गेले, बसून राहिले ते एकटेच उरले.

याला इतिहास आहे. 1838 साली दागेर नावाच्या फ्रेंच माणसानं पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो काढला. त्यालाही काही मिनिटं लागली होती, म्हणून गाड्याघोड्यांनी भरलेला तो रस्ता निर्मनुष्य दिसतो. कोपऱ्यात तेवढा एक माणूस बुटांना पॉलिश करून घेत उभा आहे आणि त्याच्यापुढे पॉलिशवाला. दोघंही जागेवर होते म्हणून उमटले. फोटोत आलेली पहिली माणसं म्हणून त्यांची नावं घेतात. नावं म्हणजे, ती कुणालाच ठाऊक नाहीत.

मे महिन्यात ऊन असं काही तापलं की डबे घेऊन हिंडणं बंद करावं लागलं. त्याच उन्हाला कामाला लावलं. सायनोटाइप नावाचा एक प्रकार आहे, निळ्या छापाचा. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची पाण्यातली द्रावणं एकत्र करून कागदावर किंवा कापडावर फासायची, अंधारात वाळवायची, वर पान ठेवून उन्हात धरायचं. (हातमोजे घातले होते, आई.) माझ्या गच्चीवर सात-आठ मिनिटं पुरायची. हिरवट पिवळा रंग आधी निळसर, मग राखाडी होतो. साध्या पाण्यात धुतला की पानाखालचा भाग पांढरा राहतो आणि बाकी सगळा गर्द निळा. पाण्यात निळाई उतरताना मी दर वेळी श्वास धरून उभी असते, चाळिसाव्या वेळीसुद्धा.

ही रीत 1842 मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं शोधली. बाबा, तुमच्या वेळच्या डार्करूममधल्या 'हायपो'चा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, उपयोगही त्याच माणसानं दाखवून दिला होता. पण मला जास्त आवडली ती ॲना ॲटकिन्स. तिची आई ती लहान असतानाच गेली, वडिलांनी वाढवलं, तेही शास्त्रज्ञच. तरुणपणी तिनं वडिलांच्या शंखशिंपल्यांवरच्या पुस्तकासाठी दोनशेहून अधिक चित्रं काढून दिली. हर्शेलशी त्या घराचा परिचय होता. त्याची रीत कळल्यावर वर्षभरात, 1843 मध्ये, तिनं समुद्री शेवाळांचे निळे छाप घेऊन त्यांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. फोटोंनी सजवलेलं पहिलं पुस्तक तेच मानतात. 1852 मध्ये वडील गेले, त्यानंतर एका मैत्रिणीच्या सोबतीनं तिनं नेच्याचे छाप घेतले. म्हणून मीही नेचा निवडला. त्याची पानं सपाट बसतात हे दुसरं कारण. झाडाचं जाडजूड पान ठेवलं की कडेनं ऊन आत शिरतं आणि छाप फिसकटतो.

नेच्याचे छाप घेऊन तुझ्यासाठी उशीचे दोन अभ्रे केले, आई. दोनातला एक आता शिल्लक आहे. दुसरा मी नेहमीच्या धुण्याच्या पावडरीत भिजवला. सोड्यानं तो निळा रंग जातो हे मी वाचलं होतं, वाचून विसरलेही होते. तासाभरात नेच्याभोवतीचा निळा पिवळट पडला, जुन्या वर्तमानपत्रासारखा. उरलेला आणते आहे, पण तो नुसत्या पाण्यात धुवायचा, फार तर सौम्य साबणाचे दोन थेंब. आणि वाळत घालायचा सावलीत. उन्हात जन्मलेला रंग उन्हातच विटतो. मात्र थोडा विटला तर काही दिवस अंधारात ठेव, बराचसा परत येतो.

हे सगळं ठेवायला वही शिवली. जाड कागदाचे सहा फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे), मेण लावलेला दोरा, टोचणीनं पाडलेली भोकं. पाठ थोडी तिरकी झाली आहे. बाबा, तुम्ही पट्टी लावून बघणार, म्हणून आधीच सांगते: चार मिलिमीटर.

वही शिवताना पानं कशी लावायची ते बघायला तुमचा जुना अल्बम काढला, मी मागे मागून आणलेला. सगळा अल्बम उलटला, बाबा. आई आहे, ताई आहे, मी आहे, शेजारची मांजरसुद्धा तीनदा आहे. तुम्ही चारदा. त्यातल्या तीन फोटोंत कडेला अर्धे कापलेले, आणि चौथ्यात आम्ही तिघी गवतात बसलोय, सूर्य अर्थात तुमच्या पाठीशी, आणि तुमची लांबलचक सावली आमच्या पायांपर्यंत आलेली. कॅमेरा डोळ्याला लावल्याचे दोन्ही कोपर सावलीत दिसतात. तो फोटो मी आजवर दहादा तरी पाहिला असेन. सावली या वेळी पाहिली.

तर बेत असा. 22 जूनला मी येते, ताईलाही सांगितलंय. गच्चीवर सकाळी ऊन आलं की स्टुलावर डबा ठेवायचा, भोकावरची पट्टी काढायची आणि मी चालत येऊन तुमच्यात बसायचं. मिनिटभर. माझे दोन-तीन सेकंद चालण्यात जातील, ते कागदाला दिसत नाहीत. डोळ्यांची उघडझाप झाली तरी चालेल, आई, तीही उमटत नाही. तेव्हा 'माझे डोळे नेहमी मिटतात' ही सबब चालणार नाही. बोललात तर मात्र तोंडाच्या जागी धुकं येईल. बाबा, सूचना द्यायच्या त्या आधी देऊन टाका.

सूर्य कुठे ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, डब्याची पट्टी सुटली असेल तर बोटानं नुसती दाबून ठेव. भोकातून आत काही दिसत नाही, तेव्हा वाकून बघू नकोस. बघितलं असशील तर तसं कळव.