बोटांचं खरं सांग

मार्च २०१९

बाळा,

सोमवारच्या व्हिडिओ कॉलवर तू केस मागे घेतलेस तेव्हा उजव्या हाताची बोटं दिसली मला. टोकं पांढरट आणि खाली कातडी सोललेली. आईने विचारलं तर म्हणालीस इथे कॅनडात, विनिपेगला हवा कोरडी आहे, क्रीम लावतेय. आईला पटलं, मला नाही पटलं. पण तुझी कंपॅनियन, मिशनमधली जोडीदार, शेजारी बसली होती म्हणून तेव्हा काही बोललो नाही, आता लिहितोय. थोडक्यात लिहायचं ठरवून बसलोय.

आधी चांगलं बोलतो. १५ फेब्रुवारीपासून आपल्या मॉर्मन चर्चने तुम्हा मिशनरींना दर आठवड्याला घरी फोन करू द्यायला सुरुवात केली हे आमच्यासाठी फार मोठं झालं गं. नाहीतर ख्रिसमस आणि मदर्स डे, एवढंच. बाकी वेळ पी-डेच्या, तुमच्या आठवड्याच्या मोकळ्या दिवसाच्या, ईमेलची वाट बघायची आणि त्यात तू लिहिणार 'सगळं मस्त चाललंय'. आता चेहरा दिसतो. आजीला तर अजून खरं वाटत नाही, कॉल संपला तरी फोन हातातून सोडत नव्हती. तिचा राग आता बराच निवळलाय, तिकडे देवाचंच काम करतेय ना पोरगी, असं शेजारच्या काकूंना सांगत होती. आणि मग लगेच मला, थंडीचं काहीतरी बघ रे तिच्या.

डिसेंबरमध्ये सिस्टर्सना, म्हणजे तुम्हा मुली मिशनरींना, ट्राउझर घालायची परवानगी आली तेव्हा मी इतका खूश झालो की ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, त्यांना काही कळलं नाही ते सोड. उणे तीसमध्ये स्कर्ट घालून दारोदार फिरायचं म्हणजे काय. पण रविवारी सेक्रामेंटच्या उपासनेला, बाप्तिस्म्याला, मिशनरींच्या झोन कॉन्फरन्सला स्कर्टच घालायचा आहे ना, मग त्या दिवशी आत थर्मल घालतेस की नाही? लोकरीचे मोजे घाल, कॉटनचे नको, घाम धरतात. आणि दोन-दोन जोड कोंबून बूट घट्ट करू नकोस, रक्त फिरत नाही मग. हातमोजे पाच बोटांचे नको, ते सगळी बोटं एकत्र राहतात तसले मिटन घे, मावशीने पाठवलेले पैसे त्यासाठीच आहेत. पुस्तकं-पॅम्प्लेट वाटताना तू हातमोजे काढतेस हे मला माहितीये, कारण तू तशीच आहेस.

मी वाचलंय सगळं. विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान, उणे चाळीसच्या खाली गेलं की उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठू शकते. जानेवारीच्या शेवटी तुमच्याकडे काय थंडी होती ते इथल्या बातम्यांत पण दाखवत होते, आई टीव्हीसमोरून उठेना. बोट बधिर झालं की चोळायचं नाही, डायरेक्ट हीटरवर धरायचं नाही, भाजलं तरी कळणार नाही तुला. अंगठी काढायची, कोमट पाण्यात ठेवायचं, आणि मिशन प्रेसिडेंटच्या, तुमच्या तिथल्या प्रमुखांच्या, मिसेसना फोन करायचा. त्याच दिवशी. त्या तुमच्या तब्येतीचं बघायलाच आहेत, त्यांना त्रास होत नाही.

बरं, परत तेच बोलायला लागलो. सॉरी.

तिकडे आपल्या चर्चचं मंदिर बांधतायत, त्या साइटचे फोटो मी झूम करकरून बघितले. तुला मजा वाटेल पण तुझ्या बापाने पंचवीस वर्षं स्लॅब भरलेत, तो दुसरं काय बघणार. इथे आपण काँक्रीट सुकू नये म्हणून गोणपाट टाकून पाणी मारत बसतो, आणि तिकडे त्याला गारठू द्यायचं नाही म्हणून ताडपत्र्यांचा तंबू करून आत हीटर लावतात, वर जाड ब्लँकेट घालतात. कारण पाच डिग्रीच्या खाली ताकद यायला फार वेळ लागतो आणि ओलं असताना आतलं पाणी गोठलं तर ते नऊ टक्के फुगतं, आतून तडे जातात, वरून काही दिसत नाही. काँक्रीटला एवढं जपतात बाळा ते लोक. तू बोटं लपवतेस.

२ एप्रिल २०११ ला तेव्हाचे चर्चचे प्रेसिडेंट मॉन्सननी ते मंदिर जाहीर केलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झालं. म्हणजे तिथली माणसं किती वर्षं वाट बघतायत. तोपर्यंत रेजायनाच्या मंदिरात जायचं, पावणेसहाशे किलोमीटर, बर्फातून. त्या म्हाताऱ्या सिस्टर तुला कुंपणापाशी घेऊन गेल्या आणि थंडीत उभ्या राहून रडल्या असं लिहिलं होतंस, ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला पुढे वाचता येईना. आपल्याला माहितीये ना ते. भारतात आपलं मंदिर नाही म्हणून कुटुंब कायमचं जोडायच्या विधीला हाँगकाँगला जायचं होतं, त्या तिकिटांसाठी आईने पाटल्या मोडल्या होत्या, तू सातवीत होतीस. काउलून टाँगची ती बिल्डिंग, खाली चॅपल आणि वर मंदिर, तू लिफ्टमध्ये विचारलंस बाबा आपण खरंच एकत्र राहणार का कायमचे. पांढऱ्या कपड्यात दादा किती गप्प झाला होता. आता बेंगळुरूला आपलं मंदिर होणार म्हणून गेल्या एप्रिलमध्ये प्रेसिडेंट नेल्सननी सांगितलं तेव्हापासून मी रोज विचार करतो की तिथल्या साइटवर मला काही काम मिळालं तर, नुसतं क्युरिंगवर लक्ष ठेवायचं दिलं तरी जाईन.

तू माझ्याबरोबर साइटवर यायचीस, हेल्मेट डोळ्यांवर यायचं. सळईने पाय कापला होता तो आठवतो? दोन दिवस मोजा घालून हिंडलीस, कुणाला कळू दिलं नाहीस, का तर मी परत साइटवर नेणार नाही म्हणून. मोजा काढला तेव्हा पाय सुजून टम्म झाला होता. मला त्याचीच भीती वाटते, थंडीची नाही एवढी. तुला वाटतं सांगितलं तर घरी पाठवतील, किंवा कंपॅनियनला वाटेल इंडियाची पोरगी नाजूक आहे. ती फिलिपिन्सची आहे ना, तिलाही गारठा नवीनच असणार. तू थांबलीस तर ती पण थांबेल. दोघी एकमेकींची बोटं, नाक, कान बघत जा दर थोड्या वेळाने.

लेक्चर झालं, कळतंय मला. तू एकोणीस वर्षांची आहेस, परक्या देशात अनोळखी दारं वाजवतेस, मला तुझ्या वयात पुण्यातल्या पुण्यात एका साहेबाच्या केबिनचं दार वाजवायची हिंमत नव्हती. चर्चच्या ब्रँचमध्ये कुणी विचारलं की मी छाती काढून सांगतो. मग घरी येऊन विनिपेगचं तापमान बघतो.

त्या पंजाबी आंटी चहा आणतात म्हणालीस, आपल्या चर्चमध्ये चहा चालत नाही, नको म्हणताना वाईट वाटतं ना? हळदीचं गरम दूध मागून घे, त्यांना बरंच वाटेल. आणि थोडा वेळ बसा तिथे, उबेत, लगेच उठू नका.

दादाचं इंटरव्ह्यूचं अजून काही कळलं नाही, त्याला विचारू नकोस.

येत्या रविवारी तुमच्याकडे घड्याळ एक तास पुढे जाणार, म्हणजे सकाळी नऊला फोन केलास तर इथे साडेआठऐवजी साडेसात वाजलेले असतील. मी तोपर्यंत साइटवरून आलेलो असेन. कॉलच्या आधी त्या मिसेसशी बोलून घे, आणि त्या काय म्हणाल्या ते आईसमोर नको, मला वेगळं लिही.

तुझा,
बाबा