चर्चचा कॅमेरा चालू आहे, आता जरा शेजाऱ्यांशीही बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२० च्या लॉकडाऊनमधे चर्च बंद झाली तेव्हा आमच्या वसईकडे ठिकठिकाणी मोबाइल स्टँडला लावून यूट्यूबवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, दाखवायला सुरुवात झाली, त्या वर्षीचा ईस्टर आम्ही घरात बसून स्क्रीनवरच केला. त्यानंतर मोबाइल जाऊन चांगले कॅमेरे आले, आवाज सुधारला, पण दाखवतात अजून तेच. मिस्सा सुरू झाली की लाइव्ह चालू, संपली की बंद. जे अंथरुणाला खिळलेत, जे आखातात नोकरीला आहेत त्यांना याचा केवढा आधार आहे ते मी घरोघरी बघतो, त्यामुळे हे बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. बाजूच्या आळीतला, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा ऐकू शकेल असं साधन आज चर्चच्या हातात आलंय, आणि त्याच्याशी आपण काहीच बोलत नाही.

मग त्याला आमच्याबद्दल कळतं कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवरून. धर्मांतराचे फॉरवर्ड, परदेशी पैशाचे फॉरवर्ड, आणि हे लोक मुळात मराठी नाहीतच असं सांगणारे मेसेज. २०१९ ला फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले तेव्हा सोशल मीडियावर त्यांच्याविरुद्ध जे लिहिलं गेलं ते अजून आठवलं की वाईट वाटतं. ज्या माणसाने वसईचं पाणी आणि हिरवाई वाचवायला गुंडांच्या धमक्या सोसल्या, अख्खं बायबल आजच्या सोप्या मराठीत आणलं, १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिक चालवलं आणि त्यात ख्रिस्ती नसलेल्या लेखकांनाही मानाने जागा दिली, त्यांना मराठीपण सिद्ध करायला लावलं लोकांनी. ते पाठीचं दुखणं घेऊन जानेवारी २०२० ला उस्मानाबादला गेले आणि तिथून सगळ्या महाराष्ट्राशी बोलले. २०२४ च्या जुलैमधे ते गेले, आणि आता चर्चच्या बाहेरच्या माणसाशी त्यांच्यासारखं बोलणारं कोण आहे, हे मला तरी दिसत नाही.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? बिलकुल नाही. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले, तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यांनी येशूची कथा मराठी ओव्यांमधे लिहिली, 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ ला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी कीर्तन आणि अभंग घेतले, कारण इथला माणूस भक्तीसाठी तेच ऐकत होता. परदेशी चालीवर ओढूनताणून बसवलेली गाणी मराठी माणसाच्या पोटात शिरत नाहीत हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्या त्या काळात लोकांचे कान जिकडे होते तिकडे ही माणसं गेली.

'ज्ञानोदय'चं तर विशेषच सांगायला हवं. १८४२ ला अहमदनगरला मिशनऱ्यांनी सुरू केलेलं हे पत्र. १८५५ मधे त्यात मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेतली मातंग समाजातली ही मुलगी, ख्रिस्ती नव्हे, आणि तिने त्यात धर्माचं नाव घेऊन केला जाणारा अन्याय इतक्या थेट शब्दांत मांडलाय की आजही वाचताना माणूस गप्प होतो. ते शब्द दोन अंकांत लोकांपर्यंत पोचले ते एका ख्रिस्ती पत्रातून. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे मी नाकारत नाही, आणि त्यांनी हिंदू धर्मावर जी जहरी टीका केली ती मला आजही पटत नाही. पण वादही तेव्हा तोंडावर व्हायचे, १८५७ मधे हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांसमोर समोरासमोर बसून वाद घालत होते आणि ते वाद नंतर छापलेही गेले. आज आपल्या चॅनलवर काय, तर कमेंट बंद.

कमेंट का बंद ते मला माहीत आहे, शिव्या येतात. येतात हे खरं. पण शिव्या देणाऱ्या दहा जणांमधे एखादा खरंच विचारणारा असतो, की तुमच्यात लग्न कसं लागतं, तुम्ही ताबूत म्हणजे शवपेटीवर माती का टाकता, नाताळात घरात गोठा का करता, बाप्तिस्मा म्हणजे नक्की काय. त्याला उत्तर द्यायला पॅरिशमधे, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, दोन शिकलेले तरुण आणि एक फादर पुरेत. ते नाही केलं तर त्याला उत्तर दुसरं कोणीतरी देणारच आहे.

व्हॅटिकनने १९६३ मधेच, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, प्रसारमाध्यमांवर आदेश काढला होता आणि १९६७ पासून दरवर्षी माध्यमांचा दिवस पाळतात, म्हणजे वरून कोणी अडवलंय असंही नाही. ७ सप्टेंबर २०२५ ला कार्लो अकुतिस या मुलाला संतपद मिळालं. पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला मुलगा, त्याने कॉम्प्युटर शिकून वेबसाइट केली होती, पवित्र मिस्साविधीशी जोडलेल्या चमत्कारांची माहिती गोळा करून. आमच्याकडे त्याचे फोटो लागले, प्रवचनं झाली, छान झालं. पण आमच्या मुलांना आम्ही काम काय देतो, कॅमेरा धर, वायर गुंडाळ. काय बोलायचं, काय दाखवायचं हे ठरवायला त्यांना कोणी बसवत नाही, आणि मग ती मुलं परदेशातल्या मोठ्या चर्चचे इंग्लिश व्हिडिओ बघतात, तिथली गाणी गातात, आणि टिळकांचे अभंग फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरतात. मराठी भक्तिगीतं नीट रेकॉर्ड करून, शब्द आणि कवीचं नाव खाली देऊन टाकली तर किती मोठं काम होईल. 'सुवार्ता'चे जुने अंक, नाताळ विशेषांक स्कॅन करून सगळ्यांना फुकट वाचायला ठेवले तर त्याहून मोठं. आणि आठवड्याला दहा मिनिटं, एवढीच, एखाद्या फादरनी किंवा सिस्टरनी, मला तर वाटतं सिस्टरनीच, आपल्या गावच्या प्रश्नावर साध्या मराठीत बोलावं. वसईत दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, वाड्या आणि शेतं जाताहेत, पोरं दारूत बुडताहेत, त्यावर चर्च काय म्हणतं हे हिंदू शेजाऱ्यालाही ऐकायचं असतं, कारण पाणी त्याच्याही घरात शिरतं.

संपादक महाशय, तुमच्याकडेही एक मागणं आहे. नाताळ आला की सगळ्या मराठी पेपरांत केक आणि रोषणाईचे फोटो येतात, त्याचा आनंदच आहे. पण बाकीच्या अकरा महिन्यांत ख्रिस्ती समाजातल्या लिहित्या माणसांना, विशेषतः तरुण मुलींना, तुमच्या पानांवर अधूनमधून जागा द्या, विषय धर्माचाच पाहिजे असंही नाही.

आपला नियमित वाचक,
वसई