मते ‘खाणारे’ अपक्ष?

अमेरिकेतील अपक्ष उमेदवार केवळ ‘मते खातात’, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष पटला नाही. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के, म्हणजे जवळपास दोन कोटी मते मिळाली. पण अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणाऱ्या, राज्यवार प्रतिनिधींच्या निर्वाचक मंडळातील एकही मत त्यांच्या वाट्याला आले नाही. मेन राज्यात तर ते तत्कालीन अध्यक्ष बुश यांच्याही पुढे, दुसऱ्या क्रमांकावर होते! जवळपास सर्वच राज्यांत पहिल्या आलेल्या उमेदवाराला राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात, म्हणून एवढा मोठा कौल शून्य ठरला. यात त्या मतदारांचे काय चुकले?

त्याच मेन राज्याने २०१६ मध्ये सार्वमताने पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. तीत मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी क्रमाने पसंती देतो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तर ते मत वाया न जाता दुसऱ्या पसंतीकडे जाते. अलास्कानेही २०२० मध्ये हीच वाट धरली. आपण अपक्षाला मत दिले तर नावडता उमेदवार निवडून येईल, ही भीती त्यामुळे बरीच कमी होते. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही मोठ्या पक्षांचा डोलारा आज या भीतीवरच उभा आहे. लेखात तिचा साधा उल्लेखही असू नये, याचे वाईट वाटले.

– एक वाचक