युनियनवाले कोणते, ते तरी लिहा

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात आपल्या परदेशच्या पानावर उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची एक चौकट होती. ‘ब्रिटनपासून फुटण्यास कामगार संघटनांचा विरोध’ असा तिचा मथळा. अजनीच्या पानठेल्यावर ती मोठ्याने वाचली गेली आणि रेल्वेच्या युनियनमध्ये केस पांढरे केलेला माणूस म्हणून विचारणा माझ्याकडे झाली. “काका, तिकडचे कामगार काहून इतके तापून राहिले?”

कामगार तापलेले नव्हतेच. मूळ इंग्रजी बातमीतले ‘युनियनिस्ट’, ज्यांचे आपण ‘कामगार संघटना’ केले, ते म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनलाच जोडलेले राहावे म्हणणारे राजकीय पक्ष. 1801 साली ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांचे एक राज्य झाले, त्या युनियनचे हे पाठीराखे. ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या अधिकृत नावात हा शब्द आजही आहे. आणि हुजूर पक्षाला कामगार संघटनांचा किती पुळका, हे थॅचरबाई आणि 1984-85 चा खाणकामगारांचा संप आठवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

उपसंपादकाची घाई म्हणून मी हे सोडून दिले असते. पण या दोन युनियनवाल्यांचे आपसांत चांगलेच वाजलेले आहे. बेलफास्टमध्ये, जिथे टायटॅनिक बांधली त्या गोदीत, जुलै 1920 मध्ये ब्रिटननिष्ठ कामगारांनी हजारो कॅथलिक कामगारांना हाकलून लावले. सोबत आपल्याच प्रॉटेस्टंट धर्माचे समाजवादी आणि कामगार चळवळीतले लोकही बाहेर काढले. म्हणजे युनियनिस्टांनी युनियनवाल्यांना गेटबाहेर काढले! त्याआधी 1918 मध्ये युनियनिस्टांचे पुढारी कार्सन यांनी ‘अल्स्टर युनियनिस्ट लेबर असोसिएशन’ काढली होती, कामगार डावीकडे झुकू नयेत म्हणून. आपल्या मथळ्यात हे सगळे एका गाठोड्यात बांधले गेले.

आपल्याकडेही असेच आहे. पंजाबात 1923 साली निघालेला युनियनिस्ट पक्ष फजल-इ-हुसेन आणि छोटूराम यांचा. हिंदू, मुसलमान, शीख शेतमालकांची ती मोट. सावकाराविरुद्ध त्यांनी कायदे केले हे खरे, पण कामगार संघटनेशी त्याचा काही संबंध नाही.

आणि नागपूरकराने तर बाबासाहेबांचे संविधान सभेतले 4 नोव्हेंबर 1948 चे भाषण विसरू नये. भारताला ‘युनियन’ का म्हटले, याचा खुलासा त्यांनी तिथे केला: हा संघ राज्यांच्या आपसांतल्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा अधिकार नाही. अमेरिकेला हीच गोष्ट ठरवायला यादवी युद्ध लढावे लागले, असेही ते म्हणाले. त्या युद्धात दक्षिणेत राहून उत्तरेची बाजू घेणाऱ्यांनाही युनियनिस्टच म्हणत. पण देशाच्या एकीबद्दल इतके ठाम असलेले बाबासाहेब 1955 मध्ये मराठी मुलखाची वेगवेगळी राज्ये करा म्हणत होते, पूर्वेकडचा आपला भागही त्यात स्वतंत्र. मग बेलफास्टच्या हिशेबाने अखंड महाराष्ट्रवाले युनियनिस्ट ठरतील, आणि विदर्भाचा झेंडा खांद्यावर घेतलेला आमचा एखादा युनियनवाला युनियनविरोधी. बघा कसा गोंधळ होतो तो.

नागपुरात हा घोळ जरा जास्तच. मी युनियनच्या शाखेचा सेक्रेटरी होतो. नव्या ओळखीत तसे सांगितले की समोरचा विचारायचा, “मग सकाळी किती वाजता भरते?” मध्य रेल्वेत तर एक मझदूर संघ आणि एक मझदूर युनियन. दोन्हीही कामगारांच्याच संघटना, पण 1974 च्या मे महिन्यातल्या संपात दोघांच्या मूळ फेडरेशन एकमेकांच्या विरुद्ध बाजूला होत्या. फुटीला हे शहर नवे नाही. आयटकचे, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे, 1929 चे अधिवेशन इथेच झाले, अध्यक्ष पंडित नेहरू. ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार घालायचा की नाही, यावरून ना. म. जोशी आणि व्ही. व्ही. गिरी यांची मंडळी बाहेर पडली. जोडणीची बोलणी पुन्हा नागपुरातच 1938 मध्ये जमली. तेव्हा युनियन म्हणजे एकी, हा समज आम्हा लोकांना कधीच नव्हता.

आमची युनियन म्हणजे काय, तर पगाराच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन गेटवर उभे राहायचे. एखाद्या ट्रॅकमनचे डोळे मेडिकलला फेल झाले, साहेब म्हणतात घरी बैस, तेव्हा त्याच्यासाठी दुसरे हलके काम मागणारा अर्ज लिहून द्यायचा. अर्जाची पोच घ्यायची, आवक क्रमांक नीट वाचता येतो ना ते बघायचे, कारण पुढे तोच पुरावा. मग पीएनएमच्या, म्हणजे प्रशासन आणि युनियन यांच्या वाटाघाटीच्या बैठकीच्या, यादीत विषय घालायचा आणि दोन बैठका तो पुढे ढकलला गेला तरी तिसऱ्यांदा घालायचा. तोवर त्या माणसाची बायको रोज संध्याकाळी घरी येऊन ओसरीवर बसते. हे काम करणाऱ्याला आपल्या बातमीदाराने संपाच्या दिवसांत ‘युनियनबाज’ म्हटले होते. कामचुकार नेते आमच्यात नव्हते असे नाही, भरपूर होते, चहा पिऊन सह्या करणारे. पण ते नेते कोण, कुठल्या संघटनेचे, ते लिहा ना. सगळ्यांनाच एक शिवी का?

मागणी साधी आहे. बेलफास्टच्या बातमीत ‘ब्रिटनवादी पक्ष’ लिहा किंवा सरळ ‘युनियनिस्ट पक्ष’ लिहून एक ओळ खुलासा द्या. इथल्या संपाच्या बातमीत संघटनेचे पूर्ण नाव द्या, ती मान्यताप्राप्त आहे की नाही ते द्या, आणि मागण्या निदान पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. ‘युनियनबाजी’ हा शब्द सोडवतच नसेल तर अग्रलेखात वापरा. तिथे तो आपले मत म्हणून वाचू आणि पटले नाही तर पुन्हा पत्र लिहू.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी, नागपूर