डिंक नाही रे तो

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ग्लिया, म्हणजे चेतापेशींच्या आजूबाजूच्या त्या पेशी, म्हणजे मेंदूतला डिंकच ना, पोरांना दोन ओळी सांगतो आणि पुढे जातो, आणि तेवढ्यात तुझी बेल झाली. तेव्हापासून ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. डिंक हे नाव तुझ्या पेशीसिद्धांतवाल्या विर्चोनेच दिलंय, पण नावावर जाऊ नकोस.

त्यातल्या अ‍ॅस्ट्रोसाइटचंच बघ. चांदणीसारखी पेशी, तिचे काही फाटे चेतापेशींच्या जोडांपाशी आणि काही थेट रक्तवाहिनीला पाय टेकवून. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्के, आणि साठा जवळपास नाहीच, मग जिथे काम चालू तिथे लगेच रक्त पोचायला हवं ना. चेतापेशीने ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सोडलं की अ‍ॅस्ट्रोसाइटच्या आत कॅल्शियम वाढतं, तिच्या पायातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं, वाहिनीभोवतीचा स्नायू सैल पडतो. नळी १० टक्के रुंदावली तरी प्रवाह जवळपास दीडपट होतो! हे २००३ मध्ये इटलीत पादोव्हाच्या लोकांनी दाखवलं.

आता खरी गंमत. २००४ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला मॅकव्हिकरच्या लॅबने तसंच कॅल्शियम वाढवून पाहिलं तर वाहिनी चक्क आवळली. म्हणजे पेशी तीच, सिग्नल तोच आणि उत्तर उलटं, मला हे पहिल्यांदा वाचल्यावर झोप नव्हती आली खरंच. उत्तर त्याच लॅबमधून २००८ मध्ये आलं, गॉर्डन आणि मॅकव्हिकरचं काम. उंदराच्या मेंदूचे काप जिवंत ठेवायला द्रावणात ९५ टक्के ऑक्सिजन सोडायची पद्धत होती, ती त्यांनी बदलून २० टक्क्यांवर आणली तर आवळणारी वाहिनी सैल व्हायला लागली. कारण ऑक्सिजन कमी पडला की पेशीबाहेर लॅक्टेट वाढतं, ते प्रोस्टाग्लँडिन परत आत ओढून घेणारी वाट अडवतं, म्हणून प्रोस्टाग्लँडिन बाहेरच साचतं आणि वाहिनी उघडते, आणि जोडीला अ‍ॅडेनोसिन हे दुसरं रसायन वाढून आवळणंही थोपवतं. जे लॅक्टेट आपण पाय दुखले की आठवतो ते इथे रक्त मागवतंय! मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की इतकी वर्षं द्रावणात सोडलेला ऑक्सिजनच उत्तर ठरवत होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

वाद मिटलाय असं नाही हां. २०१६ मध्ये असं दिसलं की अ‍ॅस्ट्रोसाइटचं कॅल्शियम केशवाहिन्या रुंदावतं, तिथल्या पेरिसाइटमार्फत, म्हणजे केशवाहिनीला बिलगून बसलेल्या पेशींमार्फत, आणि धमनिका, म्हणजे बारीक धमन्या, मात्र त्यावाचूनही रुंदावतात, तिथे नायट्रिक ऑक्साइड या वायूचा हात आहे.

तर अकरावीच्या वर्गात फळ्यावर अ‍ॅस्ट्रोसाइट काढशील तेव्हा तिचे पाय नळीला टेकव, अधांतरी सोडू नकोस, आणि फोटो पाठव मला. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वैजू