ही आपली जास्वंद नव्हे

सातारा

प्रिय सुध्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, आता दिवाळी तोंडावर आली. शिव्या राखून ठेव, भेटीत घाल. माझी साखर आहे तिथंच आहे, गुडघा कुरकुरतो.

आई ताईकडे कोल्हापूरला. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला जिना बंद. करमावं म्हणून मी रोज सकाळी बागेतल्या फुलांचे फोटो पाठवतो. परवा दारातल्या लाल जास्वंदीचा पाठवला, तर म्हणाली, "ही आपली नव्हे. प्लॅस्टिकची दिसते." ताई हसली. मला हसू येईना. काकूंचं असंच सुरू झालं होतं ना रे?

मग फोटो मोठा करून बघितला. आईचं काय चुकलं? लाल नुसता थापल्यासारखा, पाकळीवर एक शीर दिसेल तर शपथ. कडक उन्हात लाल रंग कॅमेऱ्यात आधीच उतू जातो, बाकीचं चित्र मात्र ठीक दिसतं. म्हणजे दोष फोटोचा, आईचा नव्हे. हे शाबीत करायला आठवडा घातलाय बघ.

'फूल उन्हात काढू नये, ढग येऊ दे' हे तुझंच. ढगाची वाट बघत कासला शेवटची एसटी घालवलीस, वर 36 च्या रोलातले 14 फोटो सीतेच्या आसवांवर उधळलेस. रोलचे पैसे मी दिले होते, विसरलो नाही. ढग काही माझं ऐकत नाही, म्हणून बाबांचं जुनं धोतर झाडावर ताणलं. उजेड असा मऊ पडला म्हणून सांगू! फोनवर फुलावर बोट टेकवून तो छोटा सूर्य खाली ओढला, थोडा अंधारच ठेवला. वाऱ्याला म्हणून देठ चिमट्यानं काठीला पकडला. शेजारचे विचारतात, झाडाला काय झालंय?

पण समोरून काढलं की मधला दांडा अंगावर येतो आणि नेमका तोच धूसर होतो. शेवटी पायरीवर आडवा पडून बाजूनं काढला. गुडघ्याचं नाव काढू नकोस. दांडा आणि पाकळीची कड दोन्ही लख्ख. टोकाच्या पाच मखमली टिकल्या मोजता येतील अशा. आई आम्हाला त्यावरच मोजायला शिकवायची, तूही होतास. घाई एवढ्याचसाठी, की हे फूल एका दिवसाचं. संध्याकाळी मिटलं की उद्या दुसरं शोधा.

काल पाठवला. फोन उचलताच म्हणाली, "हां, ही आपली." पाचही टिकल्या मोजल्या. मग म्हणाली, "बुंध्याशी माती सुकलीय. ह्यांना सांग पाणी घालायला."

मी हो म्हणालो. ताईला अजून बोललो नाही. फोटोत धोतराची कड आली होती, त्यानं झालं असेल का? काकूंना तुम्ही पहिल्यांदा कधी दाखवलंत, आणि कुणाला?

चिन्मयचं जमल्याचं कळलं, मजा आहे. नव्या घराचा पत्ता पाठव. वहिनींना नमस्कार.

रविवारी फोन कर. दुपारी नको, तेव्हा मी आईशी बोलतो.

तुझा,
बाळ्या